बेवारस कुणीच नसतो

आज सर्वपित्री अमावस्या, पितृपंधरवड्याचा शेवटचा दिवस. ज्यांची तिथी ठाऊक होती त्यांची पाने या पंधरवड्यात वाढून झाली. ज्यांची तिथी हरवली, ज्यांच्या मृत्यूचा दिवसही घरच्यांना कळला नाही, त्यांच्यासाठी आजचा दिवस राखलेला आहे. महालयाच्या विधीत घरच्या पितरांचे पिंड मांडून झाले की आणखी एक पिंड ठेवतात. त्याला धर्मपिंड म्हणतात. ज्यांचे नाव-गोत्र माहीत नाही, ज्यांच्यामागे पिंड द्यायला कोणी उरले नाही, अशा साऱ्यांसाठी तो असतो. श्राद्धावर कुणाची श्रद्धा असेल, कुणाची नसेल. पण मेलेल्या माणसाची जबाबदारी रक्ताच्या नात्यापाशी संपत नाही, ही या प्रथेमागची जाणीव कुणालाही मान्य व्हावी अशी आहे.

मृत माणूस तक्रार करत नाही. तो अर्ज देत नाही, कोर्टात जात नाही, मत देत नाही. त्यामुळे त्याच्या वाट्याला आलेली हेळसांड कोणत्याही नोंदवहीत चढत नाही. जिवंत माणूस आपला हक्क भांडून मिळवू शकतो. मृताचा हक्क मात्र दुसऱ्या कुणाचे तरी कर्तव्य म्हणूनच उभा राहतो. हे कर्तव्य नेमके कुणाचे, ते कधी आणि कसे पार पाडायचे, चुकवले तर काय, याचे उत्तर आज महाराष्ट्रातल्या कोणत्याही एका कायद्यात सापडत नाही. ते लिहून ठेवण्याची वेळ आली आहे.

सुरुवात सर्वांत एकाकी माणसापासून करू. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर अधूनमधून एक लहानशी चौकट येते. अनोळखी पुरुष, वय अंदाजे ४५ ते ५०, रंग सावळा, बांधा सडपातळ, अंगात चौकडीचा शर्ट, उजव्या मनगटावर नाव गोंदलेले. खाली पोलीस ठाण्याचा दूरध्वनी. बहुतेक वाचक ती चौकट ओलांडून पुढे जातात. तिच्यामागे बरेच काही घडून गेलेले असते. आकस्मिक मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, शवविच्छेदन होते, देह शवागाराच्या कप्प्यात जातो, इतर पोलीस ठाण्यांना संदेश जातात. काही दिवस वाट पाहिली जाते. कुणीच आले नाही तर पोलीस आणि गावातली चार सेवाभावी माणसे मिळून अंत्यसंस्कार करतात. त्यानंतर तो माणूस कागदावरच्या एका क्रमांकापुरता उरतो.

मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षांत दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसांचा जीव गेला. कुणी रूळ ओलांडताना, कुणी गर्दीत दारातून पडून. त्यांतल्या काहींची ओळख कधीच पटत नाही. मोबाइल फुटलेला असतो, पाकीट कुणीतरी लांबवलेले असते. मृताच्या अंगावरची चीजवस्तू लांबवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१५ खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण अशा वेळी पाकिटातल्या शे-दोनशे रुपयांबरोबर माणसाचे नावही चोरीला जाते. मुलगा शहरात गेला आणि आम्हाला विसरला, असे समजून गावाकडे एखादी आई उरलेले आयुष्य काढते. तिच्या मुलाचा देह शवागारात तिची वाट पाहून केव्हाच राख झालेला असतो.

हे टाळता येत नाही, असे म्हणायला आता जागा उरलेली नाही. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत विमान कोसळले आणि २६० जणांचा बळी गेला. पुष्कळ देह ओळखण्यापलीकडे जळाले होते. न्यायवैद्यक प्रयोगशाळांनी नातेवाइकांचे डीएनए नमुने घेतले, रात्रंदिवस जुळवणी केली आणि देह घरच्यांच्या हाती सोपवले. म्हणजे शास्त्र हाताशी आहे, माणसे हाताशी आहेत आणि इच्छा असली की यंत्रणाही हलते. विमानातल्या प्रवाशासाठी जे केले, ते रुळावर मेलेल्या मजुरासाठी का होऊ नये? अनोळखी देहाचा डीएनए नमुना जपून ठेवायचा आणि बेपत्ता माणसांच्या नातेवाइकांच्या नमुन्यांशी तो ताडून पाहायचा, एवढेच काम आहे. त्यासाठी कायदा आणू, असे केंद्र सरकारने २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगितले होते. विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आले. लोकांच्या खासगी माहितीचे काय होणार, असे आक्षेप त्यावर आले आणि ते रास्त होते. त्या आक्षेपांना उत्तरे देऊन विधेयक सुधारता आले असते. जुलै २०२३ मध्ये ते मागेच घेतले गेले. दरम्यान, अटक झालेल्यांच्या आणि शिक्षा झालेल्यांच्या ओळखखुणा साठवण्याचा कायदा २०२२ मध्ये मंजूर झाला होता. ज्याने काही गुन्हा केला नाही, जो फक्त मेला, त्याची ओळख मात्र मागे पडली.

या प्रसंगी मंगळवेढ्याची कथा आठवते. गावकुसाचे बांधकाम चालू असताना भिंत कोसळली आणि कामावरच्या इतर मजुरांबरोबर चोखामेळाही तिच्याखाली गाडले गेले. परंपरेने हे साल १३३८ सांगितले जाते. नामदेव तिथे गेले. ढिगाऱ्यातले एकेक हाड त्यांनी कानाशी धरले आणि ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले, ती चोखोबांची म्हणून पंढरपूरला आणली. महाद्वारासमोर त्यांची समाधी आहे. वारकरी या कथेत भक्तीचा महिमा पाहतात. तो आहेच. पण जातीने गावाबाहेर ठेवलेल्या, वेठीला धरलेल्या एका मजुराचे अवशेष ओळखून, सन्मानाने नेऊन, त्याला हक्काची जागा देण्याची ही कथा आहे. त्याच भिंतीखाली मेलेल्या इतरांची नावे कुठेच नाहीत. एका संताला जेवढे करता आले तेवढे त्याने केले. उरलेले काम राज्याचे होते. ते अजून राज्याकडेच बाकी आहे.

ज्यांना घरचे आहेत, ज्यांची ओळख पक्की आहे, त्यांच्या देहाला तरी मान मिळतो का? जून २०२५ मध्ये मोखाडा तालुक्यातल्या एका आदिवासी बापाने नाशिकच्या रुग्णालयातून आपल्या मृत अर्भकाचा देह पिशवीत घालून एसटीने गावी नेला. वाहन का मिळाले नाही, यावर नंतर दोन्ही बाजूंनी वेगवेगळी कारणे सांगितली गेली. कारण कोणतेही खरे धरले तरी जे घडले त्यात फरक पडत नाही. गर्दीच्या बसमध्ये तो बाप कसा बसला असेल? पिशवी पायांशी ठेवली असेल की मांडीवर? वाहक तिकिटाचे पैसे मागायला आला तेव्हा त्याने कोणत्या हाताने पैसे काढून दिले असतील? एवढ्या प्रवासात त्याला धड रडताही आले नसेल. त्याआधी, सप्टेंबर २०२४ मध्ये, गडचिरोलीच्या अहेरी तालुक्यात एका जोडप्याने आपल्या दोन मुलांचे देह खांद्यावर टाकून चिखलातून सुमारे १५ किलोमीटरची वाट तुडवली होती. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका रुग्णासाठी आहे. श्वास थांबला की त्या माणसाला न्यायचे कुणी, हा प्रश्न नातेवाइकांच्या खिशावर सोपवला जातो. खासगी गाडीवाला मागेल ते भाडे द्यावे लागते, कारण अशा वेळी घासाघीस करण्याचे त्राण कुणात नसते.

खासगी रुग्णालयांच्या दारात आणखी एक वाक्य ऐकू येते: ‘आधी बिल भरा, मग बॉडी मिळेल.’ राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत याला स्वच्छ मनाई आहे. बिलाचा वाद असो वा कागदपत्रांचा, मृतदेह अडवून ठेवता येत नाही. थकबाकी वसूल करण्यासाठी दिवाणी मार्ग आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणीचे नियम सुधारले, तेव्हा रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले. पण काचेच्या चौकटीतली सनद वाचायला शोकात बुडालेला माणूस थांबत नाही आणि थांबला तरी वाद घालण्याचे बळ त्याच्यात नसते. अशा वेळी मध्यरात्रीही फोन उचलणारा आणि रुग्णालयाला हुकूम देऊ शकणारा एक अधिकारी हवा.

एप्रिल २०२१ मध्ये अंबाजोगाईत कोरोनाने गेलेल्या २२ जणांचे देह एकाच रुग्णवाहिकेतून स्मशानात नेले गेले. गाड्या कमी होत्या, माणसे थकली होती आणि रोज मरणारे वाढत होते, हे सगळे खरे. तरी ते दृश्य पाहून महाराष्ट्राला लाज वाटली, कारण देह सामानासारखा रचता येत नाही, हे शिकवावे न लागणारे ज्ञान आहे. पुढच्याच महिन्यात बिहारमधल्या बक्सर आणि उत्तर प्रदेशातल्या गाझीपूर भागात गंगेच्या पात्रात देह तरंगताना दिसले. तेव्हा मानवी हक्क आयोगाने मृतांचा सन्मान आणि हक्क यांविषयी केंद्राला आणि राज्यांना सविस्तर सूचना पाठवल्या. देह एकावर एक रचून नेऊ नयेत, सामूहिक दफन वा दहन करू नये, स्मशानात काम करणाऱ्यांना संरक्षण आणि योग्य मोबदला द्यावा आणि मृतांच्या हक्कांसाठी स्वतंत्र कायदा करावा, असे आयोगाने सांगितले. साथ ओसरली आणि त्या सूचनाही मागे पडल्या.

देह गावी पोहोचला तरी पुढे स्मशान आहे. पावसाळ्यात दरवर्षी तीच छायाचित्रे छापून येतात. स्मशानभूमीला शेड नाही म्हणून सरणावर ताडपत्री धरून उभी असलेली माणसे. पूल नाही म्हणून कमरेएवढ्या पाण्यातून तिरडी नेणारे खांदेकरी. ग्रामपंचायतींना दहनभूमी आणि दफनभूमीची कामे करता यावीत म्हणून जनसुविधा योजनेतून अनुदान मिळते. पण आधी जागा लागते, तिथे जायला रस्ता लागतो आणि गावाची मर्जी लागते. शेवटची अट सर्वांत अवघड आहे. आजही अनेक गावांत प्रत्येक जातीचे स्मशान वेगळे आहे. कुणाचे ओढ्याकाठी, कुणाचे गायरानाच्या कोपऱ्यात, कुणाचे नुसते नावाला. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना इतरांच्या बरोबरीने स्मशान वापरू न देणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर स्पष्ट गुन्हा आहे. भटक्या समाजांची अडचण त्याहून निराळी. ज्यांना हक्काचे गाव नाही, त्यांना हक्काचे स्मशान कुठून असणार? पालावर कुणी गेले की देह कुठे ठेवायचा, यासाठी त्यांना जवळच्या गावाची विनवणी करावी लागते.

धर्म आडवा आला तर हा प्रश्न अधिक कठीण होतो. छत्तीसगडच्या बस्तर भागात ७ जानेवारी २०२५ रोजी एक ख्रिस्ती धर्मोपदेशक वारले. त्यांना गावच्या हद्दीत पुरू द्यायला गावकऱ्यांनी विरोध केला. मुलगा उच्च न्यायालयात गेला, तिथून सर्वोच्च न्यायालयात गेला. बाप तोवर शवागारात होता. २७ जानेवारीला दोन न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला आणि त्यात मतभेद झाला. एका न्यायमूर्तींच्या मते कुटुंबाच्या खासगी जमिनीत दफन करू द्यायला हवे होते, दुसऱ्यांच्या मते ते ठरवून दिलेल्या ख्रिस्ती दफनभूमीतच व्हायला हवे होते. देहाची आणखी परवड नको म्हणून अखेर दोघांनीही गावापासून वीसेक किलोमीटरवरच्या दफनभूमीत दफन करण्याचा आदेश दिला. बापाला माती देण्यासाठी मुलाला वीस दिवस न्यायालयाची पायरी चढावी लागली.

मुंबईने याबाबतीत चांगला दाखलाही घालून दिला आहे. २०२० मध्ये वांद्र्याच्या कब्रस्तानात कोरोनाबाधितांचे दफन होऊ नये, अशी याचिका परिसरातल्या रहिवाशांनी केली. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ती फेटाळली आणि सन्मानाने दफन होण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सांगितले. मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत, जिथे पारशी आपले मृतदेह गिधाडांसाठी ठेवतात, गिधाडे नाहीशी झाल्यावर पारशी समाजातल्या काहींनी दहनाचा पर्याय निवडला, तेव्हा वरळीच्या स्मशानभूमीत २०१५ मध्ये त्यांच्यासाठी प्रार्थनागृह उभे राहिले. लिंगायत, गोसावी, नाथजोगी दफन करतात, तर त्यांच्या शेजारच्या घरात दहन होते. महाराष्ट्राने हे सारे शतकानुशतके पाहिले आणि सांभाळले आहे. एखाद्या गावाने नाही म्हटले तर राज्याने त्या घरामागे उभे राहावे, एवढीच अपेक्षा आहे.

न्यायालयांनी या विषयावर नि:संदिग्ध शब्दांत सांगितले आहे. फाशीनंतर देह अर्धा तास लटकत ठेवण्याच्या तुरुंग नियमाला आव्हान देणाऱ्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले की संविधानाच्या कलम २१ मधला प्रतिष्ठेचा हक्क माणसाच्या मृत्यूनंतर त्याच्या देहालाही आहे. बेघर माणसालाही त्याच्या धर्माप्रमाणे अंत्यसंस्कार मिळाले पाहिजेत, असे याच न्यायालयाने २००२ मध्ये म्हटले. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेली व्यक्ती हयात नसली तरी तिची ओळख जाहीर करता येत नाही, कारण मृतांनाही प्रतिष्ठा असते, असे २०१८ मध्ये सांगितले. तत्त्व ठरलेले आहे. ते पाळले नाही तर पुढे काय, हे कायद्यात नाही.

आहे तो कायदा बारकाईने वाचला की पोकळी दिसते. मृतदेहाची विटंबना करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली गुन्हा आहे, शिक्षा एक वर्षापर्यंत. पण हा गुन्हा शाबीत व्हायला कुणाच्या तरी भावना दुखावण्याचा वा धर्माचा अपमान करण्याचा हेतू किंवा तशी जाणीव दाखवावी लागते. म्हणजे कायदा मोजतो ते जिवंतांचे दुःख. ज्याच्यामागे रडायलाच कोणी नाही, त्याच्या देहाची विटंबना झाली तर कुणाच्या भावना पुढे करायच्या? आणखी एक गोष्ट बोलायला जड आहे, तरी बोललीच पाहिजे. मे २०२३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयापुढे मृत स्त्रीच्या देहावरील अत्याचाराचे प्रकरण आले. बलात्काराची व्याख्या मृतदेहाला लागू होत नाही, म्हणून त्या कलमाखालची शिक्षा न्यायालयाला रद्द करावी लागली. केंद्राने यासाठी स्वतंत्र तरतूद करावी, अशी शिफारस त्याच निकालात आहे आणि त्या राज्यातल्या शवागारांत सीसीटीव्ही बसवण्याचा आदेशही आहे. जुलै २०२४ मध्ये नवी न्याय संहिता लागू झाली. ही तरतूद तिच्यात नाही. आपल्या लेकीचा देह रात्रभर शवागारात ठेवून घरी परतणाऱ्या आई-बापांना सुरक्षिततेची हमी देणारा कायदा आज आपल्याकडे नाही.

बेवारस देह वैद्यकीय शिक्षणासाठी देण्याचा कायदा मात्र आपल्याकडे १९४९ पासून आहे. त्यामागचा हेतू चांगला आहे. शरीररचनाशास्त्र शिकल्याशिवाय डॉक्टर घडत नाही, आणि स्वेच्छेने देहदान करणाऱ्या हजारो मराठी माणसांनी त्या कामाला प्रतिष्ठा दिली आहे. अनेक महाविद्यालयांत पहिल्या वर्षाचे विद्यार्थी शवविच्छेदनाच्या टेबलापाशी उभे राहून कृतज्ञतेची शपथ घेतात, ही सुंदर प्रथा आहे. पण दात्याने स्वतः होकार दिलेला असतो, बेवारसाला कुणी विचारलेले नसते. त्याच्या देहाचा उपयोग कसा करायचा हे राज्याने पंचाहत्तर वर्षांपूर्वी ठरवले. त्याचा मान कसा राखायचा हे ठरवायचे राहून गेले.

आणि आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. अपघात झाला की मदतीला धावणाऱ्यांइतकेच फोन वर धरणारे दिसतात. घरच्यांना कळायच्या आधी रक्तात पडलेल्या माणसाची चित्रफीत गावच्या व्हॉट्सअॅप गटावर पोहोचते. ज्या मुलीने बापाचा तसा चेहरा पाहिला, ती तो जन्मभर विसरू शकत नाही. अशी चित्रफीत पुढे पाठवणारा प्रत्येक जण त्या विटंबनेत सामील आहे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. मृताच्या नावालाही संरक्षण लागते. वारलेल्या माणसांच्या ओळखीचा गैरवापर होऊ नये म्हणून देशभरातले दोन कोटींहून अधिक आधार क्रमांक बंद करावे लागले, यावरून धोका किती मोठा आहे हे कळते. आपल्या पश्चात आपल्या डिजिटल माहितीविषयी कुणी निर्णय घ्यावा, ते नेमून ठेवण्याचा हक्क २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात दिला आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यासाठी चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते. ही कामे घरातल्या प्रत्येक जाणत्याने हयातीतच उरकून ठेवावीत.

मृतांची सेवा ज्यांच्या हातांनी होते, त्या माणसांकडे आपण पाहतही नाही. शवागारात फुगलेला, सडलेला देह उचलणारा कर्मचारी, विद्युतदाहिनीपाशी उभा राहणारा, सरणाची लाकडे रचणारा, रेल्वेमार्गावरून अवयव गोळा करणारा हमाल. पिढ्यान्‌पिढ्या स्मशानाशी जोडलेला मसणजोगी समाज आजही वस्ती, शिक्षण आणि कागदपत्रे यांसाठी झगडतो आहे. मृतांची सेवा करणाऱ्या या कर्मचाऱ्यांतले पुष्कळ जण कंत्राटी आहेत. हातमोजे, गमबूट, लसीकरण, मानसिक आधार या गोष्टी त्यांच्यापर्यंत क्वचितच पोहोचतात. कोरोनाच्या लाटेत घरचे लोक दूर उभे होते तेव्हा अग्नी याच हातांनी दिला. त्यांना माणूस म्हणून मान दिल्याशिवाय त्यांच्या हातून जाणाऱ्या देहाला मान मिळावा, अशी अपेक्षा करणे अन्याय आहे.

मग कायदा कसा असावा? राजस्थानने २०२३ मध्ये मृतदेहाच्या सन्मानाचा कायदा केला. बेवारस देहांची जनुकीय माहिती साठवण्याची त्यातली तरतूद अनुकरणीय आहे. पण मृतदेह ताब्यात न घेणाऱ्या नातेवाइकांना आणि देह ठेवून आंदोलन करणाऱ्यांना शिक्षा देण्याची तरतूदही त्यात आहे. महाराष्ट्राने ती घेऊ नये. पोलीस कोठडीत मुलगा मेला, गुन्हा नोंदवायला कुणी तयार नाही, अशा वेळी ‘गुन्हा दाखल झाल्याशिवाय देह ताब्यात घेणार नाही’ एवढेच गरिबाच्या हाती उरते. दोन-दोन दिवस शवागाराच्या पायऱ्यांवर बसून राहणाऱ्या आई-बापांना मुलाचा देह प्रिय नसतो असे नाही. त्यांना न्यायही हवा असतो. सप्टेंबर २०२० मध्ये हाथरसच्या मुलीचा देह घरच्यांच्या संमतीविना मध्यरात्री जाळला गेला आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. तिथे मृताचा अवमान आई-बापांनी केला नव्हता, शासनाने केला होता. म्हणून या कायद्याने आधी शासनाला बांधून घातले पाहिजे.

संविधानाच्या सातव्या अनुसूचीत दफनभूमी आणि दहनभूमी हा विषय राज्यसूचीत दहाव्या क्रमांकावर आहे. त्यामुळे महाराष्ट्राला दिल्लीकडे बोट दाखवता येणार नाही. कायद्यात थोडक्या गोष्टी पुरेत, पण त्या पक्क्या हव्यात. प्रत्येक जिल्ह्यात मृतांच्या सन्मानासाठी जबाबदार असा एक नेमलेला अधिकारी आणि अहोरात्र चालू असलेला दूरध्वनी. प्रत्येक अनोळखी देहाचा डीएनए नमुना, छायाचित्र आणि वस्तूंची नोंद कायम जपणे, आणि बेपत्तांच्या यादीशी ती ताडून पाहणे. दहन-दफनाच्या जागेची खूण राखणे, म्हणजे दहा वर्षांनी कुणी शोधत आले तरी त्याला सांगता येईल. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात मोफत शववाहिनी. देह अडवणाऱ्या रुग्णालयाला दंड. प्रत्येक शवागारात सीसीटीव्ही, आणि स्त्रियांच्या देहासाठी स्त्री कर्मचारी. देहाची विटंबना हा नातेवाइकांच्या भावनांवर अवलंबून नसलेला स्वतंत्र गुन्हा. अंत्यसंस्काराआधी घरच्यांना देह पाहण्याचा आणि हजर राहण्याचा हक्क. आणि प्रत्येक गावात सर्व जातिधर्मांना खुली अशी स्मशानभूमी, जिला बारमाही रस्ता आहे.

याला लागणारा खर्च राज्याच्या अर्थसंकल्पात उठून दिसावा एवढाही नाही. लागते ते मन. रावणाच्या अंत्यसंस्काराला विभीषण कचरला तेव्हा मरणाबरोबर वैरही सरते, हे रामाने त्याला समजावले. ही गोष्ट आपण पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सांगत आलो. स्वराज्यावर चालून आलेल्या अफझलखानाचे थडगे प्रतापगडाच्या पायथ्याशी आहे, हेही अभिमानाने सांगतो. शत्रूच्या देहाला मान देणाऱ्या परंपरेचा वारसा सांगणाऱ्या राज्याने आपल्याच नागरिकाचा देह बेवारस ठरवून मोकळे व्हावे, हे शोभत नाही.

नागपूरचे हिवाळी अधिवेशन जवळ आले आहे. सरकारने मृतांच्या सन्मानाचे विधेयक याच अधिवेशनात मांडावे आणि विरोधी पक्षांनी पक्षभेद बाजूला ठेवून ते मंजूर करून घ्यावे, अशी आमची मागणी आहे. वाचकांनाही एक विनंती आहे. येत्या ग्रामसभेत किंवा प्रभागाच्या बैठकीत उभे राहून एकच प्रश्न विचारा: आपल्या स्मशानात कुणाला मज्जाव आहे का? उत्तर ‘हो’ असेल, तर ते बदलल्याशिवाय घरी जाऊ नका.